ऑक्सिमीटरमधला ९१ आणि चाळीतले तात्या

(वाचकांचे प्रश्न, सप्टेंबर २०२१)

ताई, सप्रेम नमस्कार.

मी लालबागला राहते. माझं वय ६८, ह्यांना ७४ पूर्ण झाली. चाळीत ह्यांना सगळे तात्या म्हणतात. हे मिलमध्ये कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायला होते, ८२ च्या संपापर्यंत. मग कुठे वॉचमन, कुठे गोडाऊनला, असं करत दिवस काढले. बिडी होती, ती दहा वर्षांपूर्वी सुटली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि सीओपीडी सांगितलं, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा छातीचा जुना आजार. दोन वेळा पंप, पावसाळ्यात कधीमधी नेब्युलायझर. तरी बाजारातून बांगडा हेच आणायचे, संध्याकाळी नाक्यावर बसायचे आणि शनिवारी भजन. बुवा नव्हेत, झीलकरी, मागे साथ म्हणणारे. पण झांज ह्यांचीच.

मागच्या वर्षी मार्चमध्ये कोविडमुळे सगळं बंद झालं तेव्हा मुलाने बजावलं, बाबा, उंबरठ्याबाहेर पाय नाही. तेव्हा ते बरोबरच होतं. गणपतीत राजाचीसुद्धा मूर्ती बसली नाही, तेव्हा हे म्हणाले, "बघ, देव पण घरीच." तेव्हा हसत तरी होते. यंदा एप्रिलमध्ये पलीकडच्या खोलीतले ह्यांचे मिलचे सोबती गेले. खाली अँब्युलन्स आली, ह्यांनी गॅलरीतून हात जोडले, तेवढंच. त्या दिवसापासून रेडिओ लावलेला नाही.

आता दोन्ही डोस झाले, सगळं हळूहळू उघडलं. पण हे उठत नाहीत. चहा बशीत गार होतो. अंघोळ तीन-तीन दिवस टाळतात. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथे जायचं तर आधी दारातून बघतात कोणी उभं नाही ना. पंप मी हातात दिला तर घेतात, नाहीतर राहतो. बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं मशीन मात्र दिवसातून तीस वेळा लावतात, रात्री उठून पण. ९१ दिसलं की म्हणतात, "टीव्हीवाले ९४ म्हणतात. माझं संपलंय." हे म्हणतात दम वाढलाय, डॉक्टर म्हणतात छाती गेल्या वर्षी होती तशीच आहे. बदलापूरचा मुलगा म्हणतो, नाटकं आहेत, सवय लागलीय बाबांना. मुलगी म्हणते, झोपेची गोळी दे. शेजारणीने तिच्याकडची अर्धी दिली आहे, मी अजून दिलेली नाही.

परवा म्हणाले, "माझं मीच केलं बिडीने. मी गेलो की तू सुटशील." मी ओरडले त्यांच्यावर, मग रात्रभर झोप नाही. ताई, संपात वर्षभर घरी होते, खायचे वांधे होते, तरी असे नव्हते हो. हे वयाने होतं का छातीने?

(नाव छापू नका.)

⁂

वहिनी,

आधी ती अर्धी गोळी. ती आजच्या आज शेजारणीला परत करा, बाकीचं नंतर वाचा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा ज्या गोळ्या 'झोपेच्या' म्हणून घरोघरी फिरतात, त्या मेंदूला सुस्त करतात आणि त्यासोबत श्वासही मंदावतो. शेजारणीला चालत असतील. तात्यांच्या छातीत वापरलेली हवा आधीच पुरती बाहेर पडत नाही. त्यात रात्री श्वास मंदावला तर आत कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी माणूस उठवता उठत नाही. शिवाय ह्या वयात त्या गोळ्यांनी तोल जातो, आणि तुमच्याकडे रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत जायचं असतं. तुम्ही ती दिली नाहीत, फार बरं केलंत.

आता ते ९१. तुमचं पत्र वाचताना मी ह्या ओळीपाशी थांबले आणि चष्मा पुसला.

दीड वर्ष टीव्हीवर, मोबाइलवर, जिन्यातल्या पत्रकावर एकच आकडा होता. ९४ च्या खाली गेलात की हॉस्पिटल गाठा. आकडा खोटा नव्हता. धडधाकट फुप्फुसांच्या माणसाला कोविड झाला तर कधी सावध व्हायचं, त्याचा तो होता. पण सीओपीडीच्या जुन्या पेशंटांपैकी कित्येकांचं बरं असतानाचं, रोजचं माप ९१-९२ च असतं. अशांना ऑक्सिजन लावायची वेळ आली तरी डॉक्टर बहुतेक वेळा ८८ ते ९२ च्या मधेच ठेवतात, कारण जास्त दिला की पुन्हा तोच कार्बन डायऑक्साइडचा घोळ. हे टीव्हीवर कोणी सांगितलं नाही. म्हणजे जो पेपर तात्यांसाठी काढलेलाच नव्हता, तो ते रोज तीस वेळा देत राहिले आणि तीस वेळा नापास झाले. असं दीड वर्ष केलं तर कुणीही अंथरूण धरेल.

हे मी वरून बोलत नाही. मी स्वतः चाळिशीपासून दम्याची. पालिकेच्या रुग्णालयात ३१ वर्षं समाजसेविका म्हणून काढली, त्यातली निम्मी छातीच्या ओपीडीबाहेरच्या बाकांवर. तरी ह्या एप्रिलात एका रात्री दोन वाजता मशीनने मला ८९ दाखवला आणि मी घामाने निथळले. कुणाला निरोप द्यायचे ह्याची यादी मनात तयार झाली. बहिणीने दिवा लावला, माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, बोटं बर्फ झालीत तुझी पंख्याखाली." हात चोळून परत लावलं, ९६. त्या दिवसानंतर ते मशीन मी डाळीच्या डब्यामागे ठेवते.

तर असं करा. छातीच्या डॉक्टरांकडून एका चिठ्ठीवर दोन आकडे लिहून घ्या: तात्या बरे असताना त्यांचा किती, आणि किती खाली गेला की तुम्ही फोन करायचा. ती चिठ्ठी टीव्हीशेजारी चिकटवा. मशीन दिवसातून दोनदाच. पाच मिनिटं स्वस्थ बसून, बोट ऊबदार करून, तेच बोट, आणि आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहायचा. लिहायचं काम त्यांचं. मशीन माझ्यासारखं लपवू मात्र नका, लपवलेल्या वस्तूची भीती वाढते. आणि आकडा काही म्हणो, ते अचानक गुंगीत गेले, असंबद्ध बोलू लागले, ओठ निळसर दिसले किंवा दमाने वाक्य पुरं करता येईना, तर ते मनाचं दुखणं समजून बसू नका. तडक हॉस्पिटल. सकाळी उठल्यावर डोकं दुखतं आणि दिवसभर पेंग येते असं रोज व्हायला लागलं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

"वयाने होतं का छातीने?" दोन्हीने नाही, असं माझं मत आहे. वयाने सांधे दुखतात, ऐकू कमी येतं. रेडिओ बंद होत नाही. तुम्ही लिहिलंय ते वाचून मला नैराश्य दिसतं आहे, डिप्रेशन. नक्की करायला डॉक्टर लागतील, पण मी ह्या शब्दाला घाबरून तो टाळणार नाही. सीओपीडीच्या पेशंटांमध्ये साधारण चारांत एकाला ते गाठतं. ते ओळखू येत नाही, कारण छातीच्या आड लपतं. थकवा? छातीचा. झोप नाही? खोकल्याची. जेवण जात नाही? दमामुळे. सगळ्याला कारण तयार असतं. म्हणूनच म्हाताऱ्या माणसांसाठी हो-नाहीच्या १५ प्रश्नांची जी यादी डॉक्टर वापरतात, तिच्यात झोप, भूक, वजन ह्यांचे प्रश्न मुद्दाम ठेवलेले नाहीत. तिथे बहुतेक मनाचंच विचारतात. तुम्हाला घरी दोनच गोष्टी विचारता येतील: गेले दोन आठवडे कशात गोडी वाटत नाही का? आणि मन उदास, काही खरं नाही असं वाटतं का? बहुतेक दिवस हो असेल तर पुढे जायचं. तात्यांचं उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

छाती तशीच असून दम वाढला, ह्याचं कोडं डॉक्टरांनी तुम्हाला उलगडून सांगायला हवं होतं. दम लागतो म्हणून माणूस चालत नाही. चालत नाही म्हणून मांड्यांतलं बळ जातं. बळ गेलं की तेवढ्याच अंतराला दुप्पट दम लागतो, मग तो आणखी बसतो. त्यात भीती. घाबरलं की श्वास तोकडे आणि भराभर होतात, आतली हवा पुरती सुटायच्या आधी नवी घ्यायची धडपड. दादरला उतरणाऱ्यांना उतरू न देता लोक डब्यात घुसतात ना, तसं. आत जागाच नाही आणि बाहेरून रेटा. म्हणून डॉक्टरही खरे आणि तात्याही खरे. मुलाला हे वाचून दाखवा. नाटकात माणसाला कोणीतरी बघावं असं वाटतं. हे तर कोणी बघत नाही ना ह्याची खात्री करून संडासाला जातात.

आणि ते दारातून बघणं, ते मला चांगलंच ठाऊक आहे. ह्या साथीने आमच्यासारख्यांचा खोकला गुन्हा करून टाकला. डिसेंबरात बेस्टच्या बसमध्ये मला साधी उबळ आली, मास्कच्या आत, पदर वर धरून. शेजारची मुलगी उठून दांड्याला धरून उभी राहिली. तिचं चुकलं नाही. पण मी पुढच्या स्टॉपला उतरले आणि घरापर्यंत चालत गेले, वाटेत तीनदा थांबून. त्यानंतर महिनाभर माझंही पाऊल बाहेर पडत नव्हतं. तात्या जिथे ५० वर्षं राहिले त्या गॅलरीत लोक त्यांच्या खोकल्याकडे कसे बघत होते, हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नसेल. विचारा.

संपाचं तुम्ही लिहिलंत ते अगदी नेमकं. १८ जानेवारी १९८२ ला तात्या घरी बसले ते अडीच लाख माणसांबरोबर. नाका होता, सभा होत्या, शिव्या घालायला मालक होते आणि शेजारी तो सोबती होता, जो एप्रिलात गेला. त्याला खांदाही देता आला नाही. आपल्याकडे खांदा दिल्यावर माणूस गेला हे अंगाला कळतं. तात्यांच्या बाबतीत तो सोबती अजून अँब्युलन्समध्येच आहे. त्याच्या घरच्यांना एकदा बोलवा किंवा तात्यांना तिथे न्या. पलीकडचीच खोली आहे. मास्क लावून, दारं-खिडक्या उघड्या ठेवून अर्धा तास बसता येतं. फोटोला हार घालू द्या त्यांच्या हातून.

आता जड गोष्ट. "मी गेलो की तू सुटशील." तुम्ही ओरडलात, कुणीही ओरडली असती. पण पुन्हा म्हणाले, किंवा म्हणायची वाट न बघता, शांतपणे शेजारी बसून विचारा: जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मी खात्रीने सांगते. उलट, एवढे महिने ज्याला कोणी विचारलं नाही त्याला मोकळं होता येतं. हो म्हणाले तर त्यांना एकटं सोडू नका, मुलाला त्याच दिवशी बोलवा आणि डॉक्टरांकडे न्या. नाही म्हणाले तरी औषधांची पिशवी आजपासून तुमच्या कपाटात. रात्री-अपरात्री घाबरलात तर केंद्र सरकारची फुकट हेल्पलाइन आहे (आता 'टेलि-मानस', १४४१६), चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

डॉक्टर तुमच्यापासून लांब नाहीत. परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये छातीचा विभाग आणि मानसोपचार विभाग एकाच आवारात आहेत. 'वेड्यांचा डॉक्टर' म्हणून तात्या नाही म्हणतील. त्यांना छातीच्या तपासणीला न्या आणि तिथल्या डॉक्टरांनाच पुढची चिठ्ठी द्यायला सांगा. छातीच्या डॉक्टरांचं आमची माणसं ऐकतात, हे बाकांवर बसून शिकलेली युक्ती. सोबत सगळी औषधं पिशवीसकट न्या. पावसाळ्यात दम वाढला की प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टिरॉइडचा कोर्स देतात ना, त्याने काहींची झोप आणि मूड बिघडतो, म्हणून तो केव्हा घेतला ते सांगा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी १२ बघून घ्या. ह्यातलं काही बिघडलं तरी माणूस असाच मलूल होतो. नैराश्याची गोळी सुरू केली तर ती डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात दिसत नाही. दोन-चार आठवडे जातात, कधी जास्त. तिसऱ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून बंद करू नका, आणि नंतर बरं वाटलं म्हणून मनाने थांबवू नका. झोपेच्या गोळीसारखी तिची चटक लागत नाही. म्हातारपणी तिच्याने कधी रक्तातलं सोडियम उतरतं, तेवढं तपासायला डॉक्टरांना आठवण करा.

डॉक्टरांना आणखी एक सांगा, कार्डिंग खातं. तात्यांना विचारा, मिलमध्ये असताना सोमवारी छाती जास्त आवळायची का? रविवारची सुट्टी झाली की सोमवारी कापसाच्या धुळीने छाती भरायची, हे त्या खात्यातल्या माणसांचं ठरलेलं दुखणं, बिसिनोसिस म्हणतात त्याला. १५ वर्षं ती धूळ नाकातोंडात गेली असेल तर सगळा दोष बिडीचा नाही. बिडीला मी पाठीशी घालत नाही. पण "माझं मीच केलं" हे ओझं घेऊन पडलेल्या माणसाला, पोटासाठी काम करतानाही ह्यातलं काही आलं, हे कळलं तर पाठ थोडी सरळ होते. ओपीडीत असं होताना मी पाहिलं आहे.

घरी काय करायचं? चहा बशीत गार होतो म्हणालात, तिथूनच सुरू करा. गरम चहावर घालतो तशी फुंकर. नाकाने दोन अंक मोजत श्वास, मग ओठांचा चंबू करून चार अंक मोजत सावकाश फुंकर. जोर नाही लावायचा. आधी उतरणाऱ्यांना उतरू द्यायचं. दम लागल्यावर नव्हे, दम नसताना शिकायचं, दिवसातून चारदा, पाच-पाच फुंकरी. मग दम लागल्यावर ती आपोआप आठवते. झीलकऱ्याला हे शिकवायला नको खरं तर. लांबलेला अभंग एका दमात ओढणारा माणूस तो. मंडळ सुरू व्हायला वेळ लागेल, पण सकाळी खिडकीशी बसून दोन कडवी म्हणू द्या, झांज मांडीवर. आवाज फुटला नाही तर गुणगुणू दे.

चालणं गॅलरीत, दुपारी, जेव्हा कमी वर्दळ असते. पहिल्या आठवड्यात तीन दारं जाऊन परत. दम लागेल, लागू दे. बोलता येतंय तोवर ठीक. पुढच्या आठवड्यात चार दारं. पुढे केईएममध्येच फिजिओथेरपीबद्दल विचारा, फुप्फुसाच्या पेशंटांसाठी वेगळा व्यायाम शिकवतात आणि त्याने दम आणि मन दोन्ही सुधारतात. पंप मात्र तुम्ही हातात देत राहा, कंटाळा आला तरी; नैराश्यात औषध घ्यायची इच्छाच आधी मरते. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची ती पोकळ नळी, लावून घेतात ना? नसतील तर बरंचसं औषध तोंडात-घशातच राहतं.

तुम्ही स्वतः दोन ओळींत आटपलात, "रात्रभर झोप नाही". मुलीला सांगा, महिन्यातून दोन रविवार तिने येऊन बसायचं, आणि तेव्हा तुम्ही बाजारात जायचं. कोरडं कर्तव्य म्हणून नव्हे, बांगडा आणायला.

चाळीचा गणपती ह्या वर्षी लहान का होईना बसेल. आरतीला तात्यांना गर्दीत नेऊ नका, पण खोलीच्या दाराशी, उंबरठ्याच्या आत, एक खुर्ची टाका. प्लास्टिकची चालेल, मात्र दोन्ही बाजूंना हात असलेली हवी. दम लागला की पुढे झुकून कोपर त्या हातांवर टेकता येतात आणि छाती मोकळी होते. झांज जवळ ठेवा. वाजवा असं म्हणू नका.